काब द रामच्या सड्यावर ड्रोन, आणि मान टाकणारा कॅमेरा

मडगावहून दक्षिण गोव्यातल्या काब द राम किल्ल्याला जायला कुंकळ्ळीचा रस्ता आहेच, पण असोळणा-बेतूलकडून गेलात तर साळ नदीचे मुख बघायला मिळते. किल्ल्याच्या आत ड्रोन काढू नका. जुन्या वास्तूंवर विनापरवाना उडवणे अंगाशी येते. किल्ल्याच्या अलीकडे जांभ्याचा मोकळा सडा, म्हणजे खडकाळ पठार आहे, ते पुरेसे आहे. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर झोन पाहा. हिरव्या झोनमध्ये १२० मीटर उंचीपर्यंत मुभा असते. दाबोळी आणि मोपा विमानतळांच्या आसपास तसे गृहीत धरू नका.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार उलटली होती, खारे वारे भरात. वाऱ्याच्या तोंडावर, समुद्राकडे, स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सर्वाधिक वेगाच्या मोडमध्ये, ड्रोन सोडला आणि कॅमेरा एकदम खाली झुकला. चित्राच्या वरच्या कडेला पंखेही दिसू लागले. मग कड्याला समांतर नेला, तर क्षितिजच तिरके. सोबतच्या मित्राने निकाल देऊन टाकला, "गेला रे तुझा गिंबल!" गिंबल म्हणजे कॅमेरा सपाट धरणारा मोटरचा सांधा. तो गेला नव्हता. नॉर्मल मोडवर घेऊन वेग कमी करताच चित्र सरळ झाले.

वाऱ्याशी झुंजताना ड्रोन अख्खे अंग वाऱ्याकडे वाकवतो. तेवढाच कॅमेरा उलट फिरवून गिंबल चित्र सपाट ठेवतो, पण त्याच्या फिरण्याला मर्यादा आहे. ती संपली की कॅमेरा ड्रोनबरोबर कलतो. आडव्या तोलाला तर फारच कमी वाव असतो, म्हणून बाजूच्या वाऱ्यात क्षितिज आधी बिघडते. कड्यापाशी वारा खालून वर उसळतो. काठापासून आत राहा. आणि शक्यतो सकाळी लवकर जा, तेव्हा वारा बराच शांत असतो.

आडोशाला, कमी उंचीवर स्थिर ठेवूनही कॅमेरा कलत असेल, तर मात्र दुखणे दुसरे आहे. आधी सेटिंग पाहा: एफपीव्ही मोडमध्ये, म्हणजे ड्रोनमध्ये बसल्यासारखे दृश्य देणाऱ्या मोडमध्ये, क्षितिज मुद्दामच ड्रोनबरोबर कलते. रिमोटच्या खांद्यावरच्या चाकाला बोट लागले तरी कॅमेरा हळूच वर-खाली होतो. "आपोआप झुकला" अशा बऱ्याच तक्रारी इथेच मिटतील. मग रेती. सड्यावर बारीक लाल धूळ, किनाऱ्यावर वाळू. सांध्यात कण अडकला की मोटरवर ताण येऊन गिंबल थरथरतो. ड्रोन बंद करून रबरी फुंकणीने कण उडवा, चालू गिंबल हाताने वळवू नका. भिंगावर वेगळा फिल्टर लावला असेल तर तो काढून बघा, वजनाने तोल जातो.

शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे गिंबलला सपाट काय ते पुन्हा शिकवणे. ते उन्हात तापलेल्या ड्रोनवर नको. सावलीत, थंड झाल्यावर, सपाट जागी. गाडीच्या बॉनेटवरून उडवायचा मोह इथे सगळ्यांना होतो, कारण सडा खडबडीत आहे. पण बॉनेट उतरते असते, त्यात लोखंड होकायंत्राला नडते. घडीचे लँडिंग पॅड न्या, आणि चार कोपऱ्यांवर ठेवायला जांभ्याचे दगड तिथेच मिळतील.