वहिनींची पहिली हरणाची रायफल : मे ते सप्टेंबरच्या नोंदी

मे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा नऊ दिवसांचा गन डिअर सीझन (बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम) थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे तयारीला अख्खा उन्हाळा आहे. यंदा दादाबरोबर वहिनीही उतरणार आहेत. उंची पाच फूट एक इंच, अंगकाठी बारीक. सांगलीला कॉलेजात एनसीसीत हलकी .२२ रायफल चालवलेली, त्यामुळे श्वास रोखणं, चाप हळू ओढणं हे शिकवावं लागत नाही. घरात दादाची जोरदार धक्क्याची .३०-०६ रायफल आहे आणि "आहे ती असताना दुसरी कशाला" हा त्याचा ठरलेला मुद्दा.

ती रेंजवर मारून पाहिली. पहिली गोळी जागेवर. पुढच्या प्रत्येक वेळी छिद्र थोडं आणखी खाली आणि डावीकडे.

"भाऊजी, आवाजाचं काही नाही हो," वहिनी म्हणाल्या. "पण चाप ओढताना दणका कधी बसतोय त्याचीच वाट बघत असते मी."

फ्लिंच (धक्क्याच्या भीतीने अंग आधीच आक्रसणं) म्हणजे काय हे इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. मग रायफल मी भरून द्यायची असं ठरवलं आणि त्यांना न सांगता मधेच एक डमी काडतूस घातलं. चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं, आणि नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं. गोळी सुटते तेव्हा ही हालचाल धक्क्यात लपून जाते, डमीवर मात्र उघडी पडते. दादालाही बसवलं. त्याचा निकाल इथे लिहीत नाही, जेवायला त्यांच्याकडेच जायचं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, वहिनींनी ते काढलंय. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी एक नीट लक्षात घ्या : अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे, आणि त्यातून सूट मिळण्याची एक वाट म्हणजे मुदतीतलं हंटिंग लायसन्स. आधी लायसन्स, मग दुकान. राज्याचे नियम वेगळे, तेही पाहा. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच मिटलेला, त्यामुळे आपल्यातले बहुतेक जण हे इथे येऊनच शिकतात, आणि शिकवणारा सहसा सहा फुटी असतो. सल्लाही त्याच्याच खांद्याच्या मापाचा मिळतो.

जून

काडतूस कोणतं, यावर दादाचं आणि माझं महिनाभर चाललं. गोळीचं वजन, बारूद, वेग आणि रायफलचं वजन घालून धक्क्याचे आकडे काढले. दुर्बिणीसकट साडेसात पौंडांची रायफल धरली तर .२४३ विंचेस्टर (१०० ग्रेन; ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधारण ९ फूट-पौंड (धक्क्याच्या ऊर्जेचं माप), ६.५ क्रीडमूर (१४० ग्रेन) साडेबारा, ७ एमएम-०८ साडेतेरा, .३०८ पंधराच्या वर आणि .३०-०६ (१८० ग्रेन) एकवीस. गणितात बारुदाच्या वायूचा वेग गृहीत धरावा लागतो, त्यामुळे आकडे थोडे मागेपुढे होतील. उतरंड बदलत नाही.

.२४३ हे १९५५ चं, .३०८ चीच मान आवळून, म्हणजे काडतुसाचं तोंड अरुंद करून केलेलं. नवशिक्याला सगळे हेच सुचवतात आणि ते चूक नाही. पण त्यात गोळी बघून घ्यावी लागते. ५५-५८ ग्रेनच्या पातळ गोळ्या कोल्ह्या-कायोटीसाठी असतात, त्या हरणाच्या खांद्यावर वरवर फुटून जातात. ९५-१०० ग्रेनची मजबूत गोळी हवी. ६.५ क्रीडमूर हॉर्नाडीने २००७ मध्ये लक्ष्यवेधासाठी आणलं. त्याची लांबुडकी गोळी खोल जाते आणि हरीण जरा तिरकं उभं असलं तरी निभावून नेते. ७ एमएम-०८ (रेमिंग्टन, १९८०) मला मनापासून आवडतं, पण आमच्या भागातल्या दुकानांत त्याची पेटी दिसली तर दिसली. .३५० लेजंड हे २०१९ चं, धक्का .२४३ एवढाच. ओहायोसारख्या, स्ट्रेट-वॉल (मान न आवळलेल्या, सरळ) काडतुसांचा नियम असलेल्या राज्यात असतो तर डोळे मिटून तेच घेतलं असतं. विस्कॉन्सिनमध्ये ती अट नाही.

दादाचा कौल .२४३ ला, आणि तेही सहा पौंडांच्या आतल्या हलक्या 'कॉम्पॅक्ट' रायफलीत. "लहान माणसाला लहान बंदूक." इथे मी अडून बसलो. धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या उलट चालते. दुर्बिणीसकट साडेसहा पौंड भरणाऱ्या रायफलीत तेच .२४३ दहाच्या वर जातं. उलट साडेआठ पौंडांच्या रायफलीतून ६.५ ची १२० ग्रेनची गोळी मारली तर तीही दहाच्या आसपासच. म्हणजे खांद्याला तेवढंच, आणि गोळी जास्त जड. डोंगर चढायचे असते तर दादाचं ऐकलं असतं. आपल्याला शेताच्या कडेला मचाणावर बसायचंय, दोन पौंड जास्त असले तर बिघडलं कुठे?

जुलै

सॅव्हेज ११० घेतली, ६.५ क्रीडमूरमध्ये, ॲक्युफिट स्टॉकची (स्टॉक म्हणजे खांद्याला टेकतो तो दस्ता). दुर्बीण आणि पट्टा धरून साडेआठला टेकते. घ्यायचं कारण स्टॉक. मागच्या रबरी पॅडच्या आतल्या चकत्या काढून किंवा घालून लांबी बदलता येते, आणि गाल टेकतो तो भागही उंच करता येतो.

या महिन्याचं सगळं काम मापाचं. चापापासून पॅडच्या टोकापर्यंतची लांबी दुकानातल्या बहुतेक रायफलींना साडेतेरा-पावणेचौदा इंच असते. वहिनींना ती धरताना कमरेतून मागे झुकावं लागायचं, पॅड खांद्याच्या खोबणीऐवजी दंडाच्या हाडावर यायचं. असं धरल्यावर .२४३ सुद्धा लागणारच. चकत्या काढून पावणेतेरावर आणलं. भर जुलैत त्यांना नोव्हेंबरचं जाड जॅकेट घालून उभं केलं, कारण माप घ्यायचं ते त्या कपड्यांतच. शेजारी बघत होता, बघू दे.

स्टॉक आखूड केला की डोळा दुर्बिणीच्या जवळ येतो, हे दुकानदार सांगत नाहीत. दुर्बीण रिंगांमध्ये जवळजवळ इंचभर पुढे सरकवली. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकायचा, मग डोळे उघडायचे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर सरकवायची, पुन्हा तेच. पूर्ण गोल, स्वच्छ चित्र दिसलं तेव्हा स्क्रू आवळले. भुवई आणि काच यांच्यात साडेतीन इंच तरी मोकळे राहिले पाहिजेत.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर लावायचा धक्का कमी करणारा तुकडा) लावायचा का, असं दोघांनीही विचारलं. नाही. धक्का कमी होतो, पण आवाजाचा स्फोट बाजूला आणि मागे येतो. मचाणावर शेजारी दादा बसणार, आणि त्याला आधीच एका कानाने कमी ऐकू येतं. निदान वहिनी असंच म्हणतात.

ऑगस्ट

सुरुवात .२२ वरच, उभ्याने आणि गुडघ्यावर. मग ६.५, त्याच पद्धतीने. बेंचवर बसून मारताना शरीर अडकलेलं असतं, सगळा दणका खांदा खातो. उभ्याने मारताना कंबर आणि पाय तो वाटून घेतात. म्हणून झिरो करण्याचं, म्हणजे दुर्बिणीची फुली आणि गोळीची जागा जुळवण्याचं, बेंचवरचं काम मी केलं, वहिनींनी नंतर फक्त तपासून घेतलं. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. दर खेपेला गोळ्या मोजक्याच, आणि शेवट पुन्हा .२२ ने, म्हणजे घरी जाताना अंगाला शेवटची आठवण सौम्य राहते.

डमीची चाचणी परत घेतली. 'टक्' झालं आणि दुर्बिणीतली फुली जागची हलली नाही. "हे बरंय," एवढंच म्हणून वहिनींनी बोल्ट ओढला.

सप्टेंबर

शिकारीसाठी १२० ग्रेनची तांब्याची गोळी ठरली. शिशाचे कण मटणात नकोत हे पहिलं कारण. दुसरं असं की तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच लांबीची गोळी वजनाला कमी भरते आणि धक्काही उतरतो. शंभर यार्डांवर आमच्या नळीला ती मानवली, सगळी छिद्रं दीड इंचात. एकाच लॉटच्या पेट्या घेऊन ठेवल्यात.

अंतराची मर्यादा १५० यार्ड. रायफल याच्या दुप्पट अंतरावरही काम करेल, प्रश्न तिचा नाही. थंडीत, हातमोजे घालून, काठ्यांच्या आधारावर वहिनी कागदी थाळीत दर वेळी गोळी घालू शकतात ते अंतर सध्या तेवढं आहे.

राहिलेली कामं : हातमोज्यांसकट चाप ओढण्याचा सराव, मचाणावर बसून डावीकडे वळून मारणं, आणि शिकारीच्या झगझगीत भगव्याऐवजी गुलाबी जॅकेट शोधणं. विस्कॉन्सिनमध्ये २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो, पण वहिनींच्या मापाचं मिळत नाहीये. ६.५ मध्ये १२० ग्रेनची तांब्याची गोळी हरणावर कोणी वापरली असेल, तर शंभरच्या आतल्या अंतरावर ती कशी उघडते आणि हरीण किती लांब जातं, हे जरूर सांगा.