श्रावणातला वाढदिवस आणि निखाऱ्यांवरचा केक

माझ्या मुलीचा वाढदिवस मे महिन्यात येतो आणि मुलाचा ऑगस्टमध्ये. वेंगुर्ल्याच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही एवढं सांगितलं की पुढचं आपोआप कळतं. मे महिन्यात घर चाकरमान्यांनी भरलेलं, पडवीत आंब्याच्या पेट्या आणि अंगाची लाही करणारा उकाडा. ऑगस्टमध्ये धो धो पाऊस, दमट हवा, कधी जाईल सांगता येत नाही अशी लाइट, आणि बहुतेक वर्षी श्रावण. आमचं घर एरवी मासळीवाचून जेवत नाही, पण श्रावण कडक पाळतात. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणजे मुलाच्या केकला अंडं चालत नाही, क्रीम टिकत नाही आणि ओव्हनचा भरवसा नाही.

तरी केक घरीच करायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. शहरातून मागवलेला केक आमच्या उतारावरून रिक्षाने खाली येईपर्यंत क्रीम एका अंगाला सरकतं, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या लेखी मोठं आहे. घरी केक होतो तेव्हा मुलांना कामाला घेता येतं. सात वर्षांची मुलगी मैदा चाळते, वाट्या मोजते, काय घातलं आणि काय राहिलं ते मला बजावते. चार वर्षांचा मुलगा कोकोच्या गुठळ्या बोटांनी चिरडतो आणि नाकापर्यंत तपकिरी होतो. वाढदिवस त्यांच्यासाठी त्या सकाळीच सुरू झालेला असतो.

मे महिन्यातलं काम त्या मानाने सोपं. हापूसचा घट्ट रस, निम्मा मैदा, निम्मा बारीक रवा, रस गोड असल्यामुळे साखर एक तृतीयांश कमी. केक पूर्ण गार झाल्यावरच वर आंब्याच्या फोडी लावायच्या आणि लगेच कापायचा. लोण्याच्या आयसिंगच्या वाटेला त्या दिवसांत मी जातच नाही. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं आणि दुपारी आमच्या माजघरात तेवढी गरमी असतेच.

खरा प्रश्न ऑगस्टचा.

अंड्याशिवाय केक फुगवायचा तर दही आणि सोडा हा सरळ मार्ग. पण सोड्याला दह्यातली आंबटाई मिळाली की त्याच क्षणी वायू सुटायला लागतो. तो वायू पिठात आहे तोवर भांडं गरम जागी गेलं पाहिजे. बेकिंग पावडरचा बराचसा जोर उष्णता लागल्यावर येतो, म्हणून ती थोडी कळ काढते. सोडा थांबत नाही. आता पीठ कालवून झालं, ओव्हन तापत आला आणि लाइट गेली, की पुढचा तासभर नुसतं बघत बसायचं. ओव्हनच्या जिवावर वाढदिवस ठेवायचा नाही, हे म्हणूनच ठरवलं.

कुकर होताच. रबर आणि शिट्टी काढायची, तळाला जाड मीठ, त्यावर जाळी, वर डबा, मंद गॅस. अशाने केक होतो आणि चांगला होतो. पण माझ्या कुकरमध्ये सहा इंची डबाच मावतो, आणि आमच्याकडे वाढदिवसाला अख्ख्या वाडीतली पोरं येतात. शिवाय कुकरमध्ये वरून आच नसते. केकचा माथा फिका आणि चिकट राहतो, आणि पावसाळी हवेत तो वाळतही नाही.

वरून आच म्हटल्यावर मला धोंडस आठवलं. पावसाळ्यात मोठाली तवशी, म्हणजे जाडजूड काकड्या, निघतात. ती किसून, गूळ, ओलं खोबरं आणि तुपावर भाजलेला तांदळाचा रवा घालून शिजवायचं, मग तोपात हळदीच्या पानावर थापून झाकणावर निखारे ठेवायचे. माझ्या सासूबाई हे धोंडस इतकं सुरेख करतात की वरचा पापुद्रा सुरीने कापताना कुरकुरतो. त्याच तोपात केक होईल का, असं मी विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "धोंडसाचा पीठ आधी शिजवलेला आसता गो. ह्या तुझा कच्चा. ह्येका आग येगळी व्हयी."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. धोंडसाला निखारे फक्त घट्टपणा आणि रंग देतात. केकला आतून शिजायचं असतं, आणि तळ करपायच्या आत शिजायचं असतं.

पुढची वाट दाखवली शेजारच्या ख्रिस्ती वाडीतल्या आंटींनी. त्यांच्याकडे नाताळात बाथ, म्हणजे रवा-खोबऱ्याचा केक, होतो आणि बेबिंकाही होते. बेबिंकेचा एकेक थर ओतायचा आणि वरच्या आचेवर भाजायचा, मग पुढचा थर. त्यांचं एकच वाक्य मला पुरलं. "बेबिंक्याक खाली उजो नाय, सगळो वर." म्हणजे आग खाली नाही, सगळी वर.

मग आषाढातच आम्ही तिघींनी हे काम हातात घेतलं. आषाढात अंडी चालत असली तरी मी दह्यावरच सराव केला, कारण अंड्याचं पीठ वेगळं वागतं. चूल मागच्या पडवीतली. लाकडं त्या दिवसांत ओली आणि धुरकट असतात, त्यामुळे सगळी मदार करवंट्यांवर. उन्हाळ्यात वाळवून माळ्यावर टाकलेल्या करवंट्या पटकन पेटतात आणि त्यांचे निखारे बराच वेळ धग धरतात. पेटलेली करवंटी आधी पिवळ्या जाळाने भडकते. तो जाळ बसू द्यायचा. मग कडा लाल होतात, वर पांढरी राख धरते, आणि फुंकर मारली की राखेखालून लाली चमकून जाते. तो निखारा केकसाठी योग्य. त्याआधीचा घेतला तर धुराचा वास केकमध्ये उतरतो.

मांडणी अखेर अशी ठरली. जाड बुडाचा मोठा तोप, त्यात धुऊन वाळवलेल्या वाळूचा बोटभर थर. चुलीतली लाकडं ओढून घ्यायची, खाली फक्त गरम राख आणि चार-दोन निखारे. झाकण म्हणून काठ असलेली सपाट परात, तिच्यात निखारे भरपूर, पण मध्यावर कमी आणि कडेला जास्त. पीठ कालवायच्या आधी तोप असाच रिकामा तापू द्यायचा. आंटी झाकण जरा वर करून हात आत न घालता नुसता जवळ नेतात आणि सांगतात, झालं की नाही. मला अजून ते साधत नाही. मी वाळूवर मैद्याची चिमूट कागदावर ठेवून बघते. दोन-तीन मिनिटांत ती बदामी झाली तर डबा आत.

प्रमाण लिहून ठेवते, कारण बऱ्याच जणी विचारतात. दहा इंची डब्याला मैदा २६० ग्रॅम, कोको ४० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, दही ४०० ग्रॅम, तेल १८० मिली, बेकिंग पावडर दोन लहान चमचे, सोडा पाऊण चमचा, चिमूटभर मीठ. दही आदल्या रात्री विरजलेलं. पावसात मैदा ओल धरतो, म्हणून कोको, सोडा आणि पावडर घालून तो दोनदा चाळायचा. दही, साखर आणि तेल एकजीव झाल्यावर कोरडं त्यात घालायचं आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. फार घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो.

पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही. मध्येच गार हवा लागली तर केक खाली बसतो. उघडतानाही दोघी लागतात. परात दोन्ही बाजूंनी सांडशीने धरून सरळ वर उचलायची, तिरकी झाली की राख केकवर. पाऊण तासानंतर शेंगदाणे भाजल्यासारखा खमंग वास यायला लागतो. मग नारळाच्या झावळीची स्वच्छ हीर मध्यभागी खुपसून बघायची. कोरडी आली की तोप खाली. माझ्या मते हिरीसारखं दुसरं साधन नाही, ती बारीक असते आणि केकला भोक दिसत नाही.

वाढदिवसाच्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता आणि लाइट नव्हती. आम्हाला तिची गरज नव्हती. सकाळी सासऱ्यांनी देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराक चार वर्सा पुरी झाली. ह्येका आयुक्ष दी, बरी बुदी दी, आणि ह्येच्या वांगडची सगळी पोरा अशीच हसती-खेळती ऱ्हवांदेत रे म्हाराजा!" जमलेली पोरं प्रत्येक वाक्याला जीव खाऊन ओरडत होती, "व्हय म्हाराजा!" माझा मुलगा स्वतःच्याच गाऱ्हाण्याला सगळ्यात मोठ्याने व्हय म्हणत होता. मग पाटावर बसवून औक्षण केलं. निरांजन, अंगठी, सुपारी, अक्षता. आजी, आत्या, काकी, आंटी, सगळ्यांनी ओवाळलं. केक नंतरचा. आमच्याकडे हा क्रम मुलांनाही पाठ आहे आणि तो बदलू नये असं मला मनापासून वाटतं.

मुलाला हवी होती होडी. जून आणि जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या असतात. ऑगस्ट उजाडला की त्या पुन्हा पाण्यात जातात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो. रोज बाबांबरोबर बंदरावर जाऊन तो हेच बघत असतो. गोल केकची होडी करायला सोपी. मधोमध कापून दोन अर्धगोल करायचे, ते एकमेकांना चिकटवून कापलेली बाजू वर येईल असे उभे करायचे, आणि खालचा गोलवा थोडा कापून बूड सपाट करायचं. वरून सुरीने आत थोडं कोरलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आणि वरवंड्या, म्हणजे वरच्या कडा, तयार.

चिकटवायला आणि वर लावायला चॉकलेट. एरवी चॉकलेट आणि क्रीम समसमान घेतात. आमच्या हवेत ते ओघळतं. वजनाने चॉकलेट दुप्पट, म्हणजे २०० ग्रॅमला १०० ग्रॅम क्रीम घेतलं की घट्ट राहतं. पिठीसाखर भुरभुरवायचा विचारही ऑगस्टमध्ये करू नये, बघता बघता ती ओलसर होऊन नाहीशी होते. होडीवरचा गुलाबी पट्टा मुलीने काढला, अमृत कोकमात पिठीसाखर घट्ट कालवून. कोकमाचा हा रंग आंबट असतो तोवरच गुलाबी राहतो. सोडा असलेल्या पिठात घातला तर तो निळसर-राखाडी होतो, म्हणून तो केकच्या आत कधी घालायचा नाही, वरच लावायचा. होडीभोवती लाटांचा फेस म्हणून ओलं खोबरं, तेही अगदी शेवटच्या क्षणी पसरलं, कारण ते त्या हवेत लवकर आंबतं.

मेणबत्ती आम्ही केकवर लावली नाही. नणंदेचं दहा महिन्यांचं बाळ घरात होतं आणि वाडीतली निम्मी पोरं सर्दीने सूं सूं करत होती. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात २०१७ साली यावर प्रयोग झाला आहे, फुंकर मारलेल्या आयसिंगवर जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढलेले आढळले. आम्ही मेणबत्ती नारळाच्या कवडीत रोवून शेजारी ठेवली. मुलाने तितक्याच जोरात फुंकली, त्याच्या आनंदात काही कमी झालं नाही. लहानग्यांसाठी आणखी दोन गोष्टी मी कटाक्षाने पाळते. केकवर अख्खे काजू किंवा शेंगदाणे नाहीत, पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात ते अडकतात. काजू आमच्या घरचेच, पण पूड करून घालते. आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे कुणीतरी मोठ्याने लगेच उचलायचे, मुलं ते तोंडात घालतात. होडीला शिडासाठी खोचलेली हीर केक कापायच्या आधी काढून घेतली. बाळाला केक दिला नाही, त्याच्यासाठी सासूबाईंनी मऊसूत नारळीभात बाजूला काढला होता.

कापताना वादावादी झाली. प्रत्येकाला नाळेचा तुकडा हवा होता. शेवटी वाढदिवस ज्याचा त्याने नाळ आजीला दिली. सासूबाईंनी तुकडा उलटा करून तळ बघितला, बोट फिरवलं, आणि आंटींना दाखवला. कुठेही करपलेलं नव्हतं. दोघी मग बराच वेळ खालच्या राखेत अजून एखादा निखारा चालला असता की नसता यावर बोलत होत्या. आंटींचं मत, चालला नसता. माझंही तेच.

आता मुलीने येत्या मे महिन्याची मागणी आतापासून नोंदवली आहे. तिला कासव हवं आहे. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना तिने पाहिली, तेव्हापासून तिच्या वहीत दुसरं चित्र नाही. पाठ कशी करायची यावर आंटींनी तोडगा काढला. त्यांच्या बाथवर पिठाच्या बारीक पट्ट्यांची आडवी-तिडवी जाळी घालतात. तीच जाळी थोडी वाकडी घातली की कवच होईल. मे महिन्यात अंडी चालतात, रवा आणि खोबरं घरात आहेच, आणि करवंट्या तर ढिगाने. हापूसचा रस बाथच्या पिठात घालायचा की नुसता वरून द्यायचा, एवढंच ठरायचं आहे. मी वरून द्यायच्या बाजूने आहे. रसाने पीठ सैल झालं तर जाळी बुडेल.