तोच संवाद दोनदा

शुक्रवारी आमच्याकडे बाराच्या आत डबे उघडतात. सकाळी नऊचा खेळ बाराच्या सुमारास सुटतो आणि त्यानंतर निवांत दोन घास खायला मिळतील याची शाश्वती नसते. मी पायरसी रोखणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. सिनेमा लागला की तीन दिवस त्याच्या चोरट्या लिंका शोधायच्या आणि उडवायच्या, हे काम. कोर्टाचा ‘अशोक कुमार’ आदेश हाताशी असतो. म्हणजे चोर कोण हे ठाऊक नसतानाच त्याच्याविरुद्ध मिळवलेला मनाई हुकूम. अमेरिकेतला जॉन डो आपल्याकडे येऊन अशोक कुमार झाला.

त्या शुक्रवारी मराठी सिनेमा होता. बजेट बेताचं, निर्माता पहिलटकर. गुरुवारी रात्री त्याने तीनदा फोन करून “काही होणार नाही ना?” विचारलं होतं. पावणेदोनला टेलिग्रामवर पहिली लिंक आली.

प्रत मोबाइलने पडद्यावरून काढलेली. चित्र आरशातल्यासारखं उलटं, त्यामुळे दुकानांच्या पाट्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या. आवाज किंचित चिरका केलेला. यूट्यूबचं कंटेंट आयडी मूळ प्रतीशी आपोआप जुळणी करतं, त्याला चकवायची ही जुनी युक्ती. खालच्या कोपऱ्यात कुणाचं तरी टक्कल, मधूनमधून शेजारच्याचा खोकला.

कॉपीराइट नियमांतला ७५वा नियम सांगतो की तक्रार पोहोचल्यावर ३६ तासांत लिंक बंद करायची. शुक्रवारी दुपारी दोनपासून ३६ तास मोजा. शनिवार उलटून रात्रीचे दोन वाजतात, आणि तोवर दोन दिवसांचा गल्ला बुडालेला असतो. मोठे प्लॅटफॉर्म त्याआधीच काढतात, हे खरं. पण एक उडवेपर्यंत चार उगवतात. माझी सहकारी याला गाजरगवत म्हणते.

मुळाशी जायचं तर थिएटर सापडायला हवं. डिजिटल सिनेमाच्या चित्रात एक न दिसणारा शिक्का असतो. कुठल्या पडद्यावर आणि साधारण कुठल्या वेळेला तो खेळ चालला, हे त्यातून काढता येतं. आम्ही नमुना तपासायला पाठवला. उत्तर आलं, “सोमवारी देतो.” वरातीमागून घोडं.

म्हणून मी हेडफोन लावून अख्खी प्रत ऐकायला बसलो. इंटरव्हलनंतर दहा-बारा मिनिटांनी सासरा सुनेला म्हणतो, “किल्ली तुझ्याकडेच ठेव.” सून वळते. आणि सासरा पुन्हा, “किल्ली तुझ्याकडेच ठेव.” आधी वाटलं फाईल अडकली. मागे घेऊन परत ऐकलं. पहिल्या वेळी संवादावर खोकला होता, दुसऱ्या वेळी नव्हता. म्हणजे फाईल ठीक होती, थिएटरातच तो तुकडा दोनदा चालला होता!

कॉलेजात असताना सुट्टीत मी गावच्या टॉकीजमध्ये डोअरकीपरचं काम केलंय. लाइट गेली की प्रोजेक्टर बंद, जनरेटर धरेपर्यंत शिट्ट्या, आणि पुन्हा लावताना ऑपरेटर दहा-वीस सेकंद मागे घेतो, म्हणजे पब्लिकचं काही चुकत नाही. चोराने मधला अंधार बरोबर कापला होता. मागे घेतलेला तुकडा कापायचा राहून गेला.

वितरकाच्या ऑफिसात फोन लावला आणि विचारलं, आज सकाळच्या खेळाला लाइट कुठे कुठे गेली होती? तिथल्या माणसाला वाटलं, मी महावितरणची तक्रार करतोय. तासाभरात तीन थिएटरं निघाली. एकात इंटरव्हलच्या आधीच गेलेली. उरलेल्या दोघांकडून सर्व्हरचा लॉग मागवला. सिनेमा कधी थांबला, कधी सुरू झाला, सगळं त्यात नोंदलेलं असतं. खानदेशातल्या एका तालुक्याचं थिएटर तंतोतंत जुळलं.

मॅनेजर आधी “आमच्याकडे असलं काही होत नाही” म्हणाला, मग त्याने डोअरकीपरला फोन दिला.

“बाल्कनीत मागच्या रांगेत एक पोरगं होतं भाऊ. लाइट गेली, सगळे बाहेर चहाला आले. ते एकटंच बसून राहिलं.”

तेच पोरगं शनिवारी सकाळी दुसऱ्या सिनेमाला आलं. डोअरकीपरने ओळखून पोलिसांना बोलावलं. फोन पुढच्या दोन खुर्च्यांच्या फटीत अडकवलेला, स्क्रीनवर काळा कागद चिकटवलेला. २०२३च्या दुरुस्तीने थिएटरात नुसतं रेकॉर्डिंग करणंही गुन्हा झालंय. ३ महिने ते ३ वर्षं कैद, दंड किमान ३ लाख. पोरगं एकोणीस वर्षांचं. फाईल ज्याला पाठवायचं त्याचं खरं नावही त्याला माहीत नव्हतं. निर्माता खूश झाला. मला तितकंसं बरं वाटलं नाही. त्या चॅनलवर जुगाराच्या अ‍ॅपच्या जाहिराती लावून पैसा करणारा माणूस अशोक कुमारच राहिला.

रविवारी रात्री एडिटरचा फोन आला, तणतणत. कुणीतरी समीक्षा टाकली होती: संकलन ढिसाळ, उत्तरार्धात एक संवाद चक्क दोनदा येतो.

“माझी टाइमलाइन येऊन बघा. एकदाच आहे! एकदाच!”

मी त्याला बोलू दिलं. तो दमल्यावर त्या समीक्षेची लिंक मागून घेतली.