तुम्ही विचारलंत म्हणून: मी आता मशीनवर का उभा राहत नाही

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत माझ्यासारखी लेथवर पार्ट बनवायची ज्यांची शॉप आहेत ते, आयटीआयच्या बॅचमधले मित्र, मेव्हणा, अगदी इन्सर्ट (धातू कापणारं, बदलता येणारं टोक) विकायला येणारा सेल्समन, सगळ्यांचं हे विचारून झालंय. तुझ्यासारखा टर्नर आख्ख्या लाईनीत नाही, मग आता मशीनला हात का लावत नाहीस? काहीजण सरळ विचारतात. काहीजण चहाच्या गाड्यावर "चार पैसे आले की हात काळे करायला नको वाटतंय" असं बोलतात आणि ते फिरून माझ्या कानावर येतंच, एमआयडीसी काय एवढी मोठी नाहीये. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहितो.

मला मशीन नकोसं झालं म्हणून नाही. हे आधी. आजही ऑफिसात बिलं बघत बसलेलो असताना भिंतीपलीकडून बोअरिंग बारचा, म्हणजे आतलं भोक कापणाऱ्या हत्याराचा, आवाज जरा जरी बदलला तर माझं बोट कॅल्क्युलेटरवर थांबतं. इन्सर्ट गेलाय की कास्टिंगमध्ये हार्ड स्पॉट लागलाय हे मला आवाजावरून कळतं, बिडाचा भुसा चिमटीत घेतला की फीड (हत्यार पुढं सरकायचा वेग) कसा लावलाय ते कळतं. ते सुटत नाही आणि सुटावं असंही मला वाटत नाही.

मग सोडलं का? कारण मी मशीनवर असलो की मशिनं चालायची, शॉप चालायचं नाही. कोटेशन मागून आठवडा झालेला, पार्टी वाट बघून दुसरीकडे गेलेली. बिलं अडकलेली. एमएसएमईचा, म्हणजे आमच्यासारख्या लहान उद्योगांचा, कायदा २००६ चा आहे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पेमेंट करायचं, नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर व्याज द्यायचं, सगळं त्यात लिहिलंय. आणि २०२४-२५ च्या असेसमेंटपासून तर वेळेत पैसे दिले नाहीत तर समोरच्या पार्टीला तो खर्च इन्कम टॅक्सला त्या वर्षी धरता येत नाही. चांगलंच आहे. पण कायदा उठून वसुलीला जात नाही, फोन मलाच करावा लागतो, आणि माझे हात दिवसभर बिडाच्या भुशात.

आणि दुसरं म्हणजे पोरं. मी बाजूला उभा असलो की चांगली चांगली पोरं विचार करायची थांबायची. "दादा, ऑफसेट किती देऊ?" म्हणजे मापात आलेला फरक मशीनला किती द्यायचा. गेज त्याच्याच हातात, माप त्यानंच घेतलेलं, वजाबाकी तेवढी मी करायची. वर्षानुवर्षं हेच. मी गावाला गेलो की रिजेक्शन वाढायचं आणि मला त्यात बरं वाटायचं, की बघा, माझ्याशिवाय चालत नाही. हे खरंय, लपवण्यात अर्थ नाही.

यावर माझंच जुनं म्हणणं मला आठवतं, कारण ते मी शंभर जणांना ऐकवलंय. मालकाला काम आलं पाहिजे आणि त्यानं ते करून दाखवलं पाहिजे, नाहीतर कामगार त्याला गुंडाळून ठेवतो. ते म्हणणं मी आजही खोटं मानत नाही. तेव्हा मी उदाहरण द्यायचो किर्लोस्करवाडीचं, आमच्या जिल्ह्यात धंद्याबद्दल कुणीही बोलायला लागलं की गाडी तिथंच जाते. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला, मालक स्वतः हातानं काम करणारा, असं मी छाती फुगवून सांगायचो. अर्धंच सांगायचो. त्याच माळावर यंत्रांचं काम शंभोराव जांभेकर बघत होते, हिशेब मंगेशराव रेगे बघत होते, शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांना सुद्धा तिथं इंजिनियरचं काम दिलं होतं. लक्ष्मणरावांना हातानं येत होतं, पण ते सगळीकडे स्वतः उभे राहिले असते तर नांगराच्या पुढं फारसं काही गेलं नसतं असं मला आता वाटतं. जुना मी यावर म्हणेल की ते लक्ष्मणराव होते, तू दुसऱ्यांचे पार्ट मजुरीवर करून देणारा कुपवाडमधला जॉबवर्कवाला आहेस, तुझ्याकडं जांभेकर कुठायत. याला माझ्याकडं उत्तर नाही. जांभेकर आयते मिळत नाहीत एवढंच म्हणू शकतो.

आता ती रात्र, जिच्यावरून सगळे मला बोलतात.

काम पंप हाऊसिंगचं होतं. पार्टी जिल्ह्याबाहेरची, कास्टिंग त्यांचं, आमचं फक्त मशीनिंग. बेअरिंग बसतं तो बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, ६२ एच ७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिलिमीटर, तीस मायक्रॉनच्या आत सगळा खेळ. नाईटला कवलापूरचं पोरगं होतं, आयटीआय करून माझ्याकडंच तयार झालेलं, नुकतंच सेटर, म्हणजे मशीन लावून माप जुळवणारा, केलेलं. वडील तेव्हा मिरजेला ॲडमिट होते आणि मी तिथं होतो. अकराच्या पुढं त्याचा फोन आला.

"दादा, इन्सर्ट बदललाय. बोअरची फिनिश जरा वेगळी दिसतीया, पण गेज मापात दाखवतंय. चालू ठिवू का थांबवू?"

मी वॉर्डबाहेरच्या जिन्यात उभा होतो. म्हटलं, "सेटर तू आहेस. तुला काय वाटतं ते कर."

जरा वेळ काहीच बोलला नाही. मग "बरं दादा" म्हणाला आणि फोन ठेवला.

सकाळी दिवसपाळीच्या माणसानं शिफ्ट घेताना बोअर गेज मास्टर रिंगवर (गेज तपासायच्या पक्क्या मापाच्या कड्यावर) लावलं तर झिरो सरकलेला. कधीतरी धक्का लागून डायल फिरली होती. रात्री झालेले ५८ पीस, एकेक त्या पोरानं इमानानं मापला होता, चुकलेल्या गेजनं. सगळे मोठे. बोअर लहान राहिला असता तर परत एक कट मारता येतो, मोठा झालेला बोअर लहान होत नाही, आणि आत स्लीव्ह (बारीक नळी) घालून माप आणायला पार्टी परवानगी देत नाही. ५२,२०० रुपयांची डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून कापायची नुकसानी, आली, ती नुसत्या कास्टिंगची. आमची रात्रीची मजुरी, लाईट, टूल वेगळंच.

लोक मला इथं धरतात. फोनवर "रिंगवर झिरो बघ" एवढं बोलला असतास तर? मिरज ते कुपवाड वीस मिनिटं, गाडी खाली उभी होती, आला असतास तर? आणि जे माझ्या बाजूचे आहेत ते म्हणतात, जाऊ दे, वडील आजारी, याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. हे मला जास्त लागतं. डोकं ठिकाणावर होतं. वडिलांना त्या दिवशी उतारच पडला होता. घरी पलंगावर झोपलेला असतो तरी मी तेच बोललो असतो, कारण मी ते ठरवून बोललो होतो. प्रत्येक फोनला उत्तर देत गेलो तर तो सेटर नावाचाच राहिला असता. पण ५८ पीस एका बाजूला आणि हे वाक्य दुसऱ्या बाजूला ठेवलं तर कुठलं पारडं जड, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

पोरगं दुसऱ्या दिवशी कामावर आलं नाही. फोन बंद. संध्याकाळी मी कवलापूरला त्याच्या घरी गेलो. मी दारात दिसलो तसे त्याचे वडील आत गेले आणि रुमालात बांधलेले पैसे घेऊन बाहेर आले. मजुरीवर जाणारा माणूस. रुमाल सोडायला लागले आणि म्हणाले, "सायेब, पंधरा हजार हायत. ऱ्हायलेलं बागेतली कामं सुरू झाली की फेडतो. पोराला पोलिसात तेवढं दिऊ नगा."

पोलिसात! माझ्या तोंडून असा शब्द गेला नव्हता, माझ्या डोक्यातही नव्हता. शॉपमधलं कुणीतरी त्याला तसं बोललं होतं, कोण ते मी नंतर शोधलं नाही. पोरगं मागं गोठ्यापाशी उभं, मान खाली. मी पैसे घेतले नाहीत. पण घेतले नाहीत म्हणून मी मोठ्या मनाचा असं कुणी म्हणू नका, ते पैसे त्या माणसाला कुणाकडून तरी मागून आणावे लागले होते आणि मी पोचायच्या आधीच आणले होते. त्याच्या आईनं चहा टाकला. चहा होईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मी त्याला एवढंच म्हटलं की उद्या पार्टीकडं जायचंय, तू पण चल. "मी न्हाई दादा, तुम्हीच बोला." म्हटलं, बोअर तू मारलेत, बोलायचं पण तूच.

तिथल्या क्वालिटीच्या साहेबांनी पहिला प्रश्न मलाच केला, त्याच्याकडं बघितलं पण नाही. "तुम्ही स्वतः मशीनवर नव्हता?" तोच प्रश्न. मी म्हटलं, हे सेटर आहेत, यांना विचारा. पोरानं गेज सोबत आणलं होतं. हात थरथरत होते पण सगळं सांगितलं, झिरो कसा सरकला, आपण कुठं बघितलं नाही, आणि इथून पुढं शिफ्ट घेताना, इन्सर्ट बदलल्यावर आणि दर दहा पीसला रिंगवर झिरो बघून वहीत लिहिणार. साहेबांनी ऐकलं, लिहून पण घेतलं. आणि अर्धं काम दुसऱ्या व्हेंडरला दिलं. बोलून भागलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

पगारातून कापायला मला घरच्यांसकट सगळ्यांनी सांगितलं. मी एक रुपया कापला नाही. त्यानंतर त्या पोराचा रात्रीचा फोन आला तर "दादा, असं असं झालं, मी असं केलंय" एवढाच, विचारायला नाही. नवीन पोरांना गेज कसं लावायचं हे तोच शिकवायचा, आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवायचा, कारण तो ओरडायचा नाही.

मग तो चाकणला गेला. इथल्यापेक्षा बराच जास्त पगार. मी थांब म्हणालो, वाढवून देतो म्हणालो, तो म्हणाला दादा बहिणीचं लग्न काढलंय. गेला. आता मेव्हणा म्हणतो, पदरच्या ५२ हजारांनी शिकवलंस आणि पुण्याच्या कंपनीला दिलंस. मला राग येतो, पण हिशोब त्याचा चुकीचा नाही.

तरीही मी मशीनवर परत जात नाही, आणि त्याचं एक कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मशीनपुढं मी सगळ्यात हुशार असतो. बँकेत कॅश क्रेडिटची लिमिट वाढवायला गेलो, किंवा सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून शिकून आलेला पंचविशीतला इंजिनियर समोर ड्रॉइंग उघडून बसला, की मी शिकाऊ असतो. तिथं मला विचारावं लागतं, समजलं नाही म्हणावं लागतं. काम अडलं की पाय आपोआप मशीनकडं वळतात, आणि लोकांना वाटतं मालक किती राबतोय. मी अवघड कामापासून पळत असतो आणि ते राबण्यासारखं दिसतं. एकदा हात लावला की संध्याकाळपर्यंत मी तिथून हलणार नाही, मला माहितीय, म्हणून लावतच नाही. याला कुणी माज म्हणत असेल तर म्हणू दे.

परवा त्याच पार्टीकडून नवीन हाऊसिंगची चौकशी आलीय, बोअर ७२, तोच एच ७. अट अशी की पहिला लॉट मालकानं स्वतः उभं राहून काढायचा. मेव्हणा म्हणतो, दोन दिवसांचा प्रश्न आहे, उभा राहा की. मी कळवलंय की फर्स्ट पीसवर सही सेटरची असेल आणि त्याच्याखाली माझी. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.