निगमला कर्ज देताना

इंदूरच्या नगर निगमला, म्हणजे महापालिकेला, आपण पैसे देतो ते संपत्तिकर म्हणून, जलकर म्हणून, कचऱ्याचे म्हणून आणि उशीर झाला की वर अधिभार म्हणून. त्याच निगमने आपल्याकडे कर्ज मागावं आणि वर व्याज कबूल करावं, हे फेब्रुवारी 2023 पर्यंत आमच्या सुदामानगरात तरी कुणी ऐकलं नव्हतं. भिशीत विषय निघाला तेव्हा शेजारच्या वहिनींनी पहिला प्रश्न टाकला, "नळ दिवसाआड सोडणारे लोक व्याज तरी वेळेवर देतील का?" सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न अगदी मुद्द्याचा वाटला, कारण कर्ज नेमकं नळाच्या पाण्यासाठीच काढायचं होतं.

इंदूरला नर्मदा उतारावरून वाहत येत नाही, तिला चढवून आणावी लागते. मंडलेश्वरजवळच्या जलूदला पाणी उचलायचं, विंध्याचा घाट चढवायचा आणि सुमारे 70 किलोमीटर लांब शहरात आणायचं. 1970 साली त्यासाठी इंदूरने आंदोलन केलं, मोर्चे काढले, आणि 1978 मध्ये पाणी आलं. त्याआधी शहर होळकरांच्या काळातल्या यशवंत सागरावर आणि बिलावलीसारख्या तलावांवर तहान भागवत होतं. माझ्या आईला पाण्याच्या टँकरमागे धावल्याचं आठवतं, म्हणून नर्मदेबद्दल आमच्या घरात कुणी वाकडं बोलत नाही. पण त्या पंपांच्या विजेचं बिल दर महिन्याला कोट्यवधींत जातं, आणि आमच्या अर्ध्या इंची कनेक्शनला तेव्हा महिन्याला 200 रुपये जलकर होता. हा हिशेब कुठे बसणार, ते सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

निगमने काढलेला मार्ग असा : खरगोन जिल्ह्यात सामराज आणि आशुखेडी या गावांच्या जमिनीवर 60 मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प उभारायचा आणि तिथली वीज जलूदच्या पंपांच्या कामी लावायची. पैसा उभा करायचा ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, विकून, 244 कोटींचा. निगमने 2018 मध्येही सुमारे 140 कोटींचे बॉण्ड काढले होते, पण ते बड्या संस्थांनी घेतले. पुण्याने 2017 मध्ये पाणी योजनेसाठी 200 कोटी उभे केले, तेही तसेच. या वेळी दार माझ्यासारख्या पेन्शनवालीलाही उघडं होतं.

अटी तशा साध्या. बॉण्ड 1000 रुपयांचा, कमीत कमी दहा घ्यायचे. व्याज वर्षाला 8.25 टक्के, दर सहा महिन्यांनी. त्या वेळी मुदतठेवीवर ज्येष्ठांना सात-साडेसात मिळत होतं, म्हणजे फरक डोळ्यांत भरावा इतका नव्हता, पण होता. प्रत्येक बॉण्डचे 250 रुपयांचे चार भाग : पहिला तीन वर्षांनी परत, दुसरा पाच, तिसरा सात आणि चौथा नऊ वर्षांनी. म्हणजे मुद्दल एकदम सुटत नाही, हप्त्याहप्त्याने सुटतं, आणि जसं सुटेल तसं व्याजही कमी होत जातं. ही शेवटची गोष्ट मी भिशीत दोनदा समजावली, तरी "नऊ वर्षं सव्वाआठ टक्के" हेच सगळ्यांच्या डोक्यात राहिलं.

आमच्या ह्यांचं मत, "सरकारी आहे, डोळे मिटून घे." सरकारी म्हणजे नक्की कुणाचं, हे बघायला मी भाच्याकडून ऑफर डॉक्युमेंट, म्हणजे या विक्रीचं माहितीपत्रक, छापून घेतलं. जाडजूड बाड, इंग्रजीत. सगळं वाचलं असं म्हणणार नाही, पण जोखमीचं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचलं, आणि मग जमाखर्चाचे तक्ते. तीसेक वर्षं शाळेत हजेरीपट आणि फीचे हिशेब जुळवलेत, तक्त्यांची भीती वाटत नाही.

या बाडाने मला शहर जेवढं दाखवलं तेवढं कुठल्या निवडणुकीने दाखवलं नाही. स्वच्छतेत पहिला नंबर 2017 पासून दर वर्षी येत होता, त्याचे फलक चौकाचौकात. पण कराची मागणी किती आणि हातात किती आलं, पाण्यावर खर्च किती आणि पाण्यातून वसुली किती, हे कुठल्या चौकात लावलेलं मी पाहिलं नाही. चुंगी नाके, म्हणजे जकात नाके, माझ्या तरुणपणीच गेले, पण त्यांच्या बदल्यात राज्य सरकार जी क्षतिपूर्ती देतं ती अजून निगमच्या जमेची मोठी बाजू आहे. म्हणजे भोपाळहून पैसे उशिरा आले की इथली ओढाताण सुरू. नगरसेवक भाषणात मेट्रो आणि आयटी पार्क सांगतात, सांगावंच. पण शहराचा संसार कशावर चालतो ते पतमापन करणाऱ्याला सांगावंच लागतं, मतदाराला नाही सांगितलं तरी चालतं.

ह्यांच्या "सरकारी आहे"चं उत्तरही तिथे मिळालं. परतफेडीचा भरवसा राज्य सरकारच्या हमीवर नव्हता, निगमच्या स्वतःच्या उत्पन्नावर होता. करातून येणारा पैसा आधी एका वेगळ्या एस्क्रो खात्यात पडणार, तिथून बॉण्डधारकांचा वाटा बाजूला निघणार आणि उरलेला निगमच्या हातात जाणार. कामवाल्या बाई पगार झाला की आधी भिशीचे पैसे माझ्याकडे आणून देतात, मग बाजारात जातात, तसंच हे. पतमापन करणाऱ्या इंडिया रेटिंग्जने एए प्लस आणि केअरने एए असा वरचा दर्जा दिला होता तो बराचसा या व्यवस्थेकडे बघूनच. मला ही रचना हमीपेक्षा जास्त आवडली. हमी देणारं सरकार बदलतं. घरपट्टी भरायला मात्र आम्हीच असतो.

(या शहराला कर्ज देण्याघेण्याची परंपरा आहे बरं का. 1870 च्या सुमाराला दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून इंग्रजांना एक कोट रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीने. त्या मानाने नऊ वर्षं म्हणजे काहीच नाही.)

आता खरी कसरत. बॉण्ड डीमॅटमध्येच, म्हणजे शेअर-रोखे इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायच्या खात्यातच, मिळणार होते. माझं डीमॅट खातं होतं, ते मे 2022 मध्ये एलआयसीच्या आयपीओसाठी, म्हणजे पहिल्या शेअरविक्रीसाठी, काढलेलं. पॉलिसीधारकांना सवलत म्हणून अर्ध्या कॉलनीने तेव्हा खाती उघडली. 949 रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी खाली उघडला, आणि त्यानंतर ते ॲप कुणी उघडलं नाही. माझा पासवर्ड, नॉमिनी, सगळं तसंच लोंबकळत होतं. नॉमिनीचं आधी मिटवलं. आमच्या वयात हे काम शेवटी ठेवू नये.

विक्री 10 फेब्रुवारीला, शुक्रवारी उघडत होती आणि 14 ला, मंगळवारी बंद. मध्ये शनिवार-रविवार. वाटप लॉटरीने नव्हे. ज्याचा अर्ज आधी नोंदला त्याला आधी. म्हणून भाचा म्हणाला, "मावशी, फोनवरून यूपीआयने टाकून देतो, दोन मिनिटांचं काम." पण आमचं मुख्य खातं जोडखातं, त्यात पहिलं नाव ह्यांचं. अर्ज माझ्या पॅनचा आणि पैसे दुसऱ्याच्या नावाचे, असं चालत नाही. तेव्हा आदल्या दिवशी 50 हजार माझ्या पेन्शनच्या खात्यात वळवले आणि त्या खात्यावर यूपीआय नसल्यामुळे शुक्रवारी बँक उघडताना फॉर्म घेऊन दारात उभी राहिले.

बँकेचं नाव नको. खिडकीवरचा मुलगा मला वर्षानुवर्षं ओळखतो, स्वभावाने गोड. त्याने फॉर्म उलटून पालटून पाहिला. "आंटीजी, ये कौन सी कंपनी का आईपीओ है?" म्हटलं, "निगम का." तो हसला, त्याला गंमत वाटली. मग आतल्या साहेबांना विचारून आला : असा फॉर्म आमच्याकडे होत नाही. मी म्हटलं, एलआयसीचा झाला होता ना? पैसे खात्यातच अडकवून ठेवायचे आणि वाटप झालं की कापायचे, ती जी पद्धत, तीच ही. शेअरच्या जागी बॉण्ड आहे एवढंच. साहेबांनी संगणकात शोधलं. आयपीओच्या यादीत नाव दिसेना. ते दिसणारही नव्हतं, कारण कर्जरोख्यांची यादी वेगळ्या पानावर होती. ते पान शोधायला मात्र साहेबांना भाच्याचा फोन लागला.

फॉर्ममध्ये चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, त्या सांगून ठेवते. डीमॅटचा आकडा सीडीएसएल या डिपॉझिटरीचा असेल तर सलग सोळा अंकी असतो. पहिले आठ संस्थेचे, पुढचे आठ आपले. फॉर्मवर त्याला दोन नावांचे रकाने असतात आणि लोक सगळे सोळा एकाच रकान्यात कोंबतात. वर्गवारीत चार खुणा असतात. 10 लाखांच्या आतल्या व्यक्तीने शेवटच्या, किरकोळ गुंतवणूकदाराच्या चौकटीत खूण करायची. आणि सही बँकेत असेल तशी. माझी बँकेतली सही मराठीत, लग्नानंतरची; पॅनवर इंग्रजीत. फॉर्मवर मराठीच केली, खिडकीवरच्या मुलाने कार्डाशी ताडून पाहिली, शिक्का मारला आणि पोचपावती फाडून दिली. ती पावती सांभाळायची. अर्जाचा नंबर त्याच्यावर असतो, आणि पुढे कुठेही चौकशी केली तरी आधी तोच विचारतात.

पैसे खात्यात दिसतात पण हात लावता येत नाही, अशा अवस्थेत ते काही दिवस राहिले. ह्यांनी पासबुक भरून आणलं आणि "गेले की नाही गेले?" असं रोज विचारलं. तोवर वर्तमानपत्रात आलं की मागणी मूळ रकमेच्या जवळजवळ सहापट आली, 720 कोटींच्या घरात. मूळ विक्री 122 कोटींची होती, जास्त मागणी आली तर आणखी 122 ठेवून घ्यायची मुभा होती. ती वापरून निगमने 244 कोटी ठेवले, बाकीचे लोकांना परत. माझा अर्ज पहिल्या दिवसाचा, पूर्ण मंजूर झाला. डीमॅटमध्ये एकाऐवजी चार नोंदी दिसतात, प्रत्येकी पन्नास नग. ते 250 चे चार भाग आहेत, चार वेगळ्या खरेद्या नव्हेत. भाच्याला रात्री फोन करून घाबरवणाऱ्या काकू आमच्या गल्लीत दोन निघाल्या.

50 हजारांवर सहा महिन्यांचे 2062 रुपये 50 पैसे होतात. ते डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात आपोआप येतात, त्यामुळे खातं बदललं तर आधी डीमॅटमध्ये बदलायचं. व्याज करपात्र आहे. ज्यांचं उत्पन्न करात बसत नाही त्या ज्येष्ठांनी कर कापू नये असं सांगणारा फॉर्म (तेव्हा 15 एच) वेळेवर द्यावा, नाहीतर दहा टक्के कापून येतात आणि ते विवरणपत्र भरून परत मागत बसावं लागतं. हा फॉर्म बँकेत देऊन उपयोग नाही, बॉण्डधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रार कंपनीकडे द्यायचा असतो. माझ्या बँकेने घेतला असता, शिक्काही मारला असता. मधेच पैसे हवे झाले तर बॉण्ड एनएसई या शेअर बाजारात विकता येतात म्हणतात. येतात, पण घेणारा असला तर. रोज शेअरसारखी उलाढाल यात नसते, तेव्हा अडीनडीचा पैसा यात घालू नये.

पहिलं व्याज जमा झालं तेव्हा जलूदचे पंप पूर्वीच्याच विजेवर चालत होते. वहिनी म्हणाल्या, "बघ, सूर्य अजून उगवला नाही, आणि तुला व्याज मिळालं." बरोबर आहे. व्याज सूर्यावर नाही, कराच्या वसुलीवर आहे, म्हणून प्रकल्प लांबला तरी माझं अडत नाही, अडतं निगमचं. तिकडे वीजबिल तेवढंच आणि इकडे व्याज सुरू. हे मी कर्ज दिलं नसतं तर मला सुचलंही नसतं.

आमचे पार्षद मोहल्ल्यात आले होते, नेहमीसारखे नाली, दिवे, कुत्रे. मी विचारलं, "भिया, आपल्या वॉर्डात जलकराची थकबाकी किती?" त्यांना वाटलं काकूंचंच बिल चुकलंय, म्हणाले, "कमी करवून देतो." म्हटलं, कमी नको, वसूल करा, त्यातून माझं व्याज निघतं. ते क्षणभर बघत राहिले, मग सोबतच्या पोऱ्याला आकडा लिहून घ्यायला सांगितला. आकडा अजून आलेला नाही. पुढच्या भिशीला ते बाड घेऊन ये, असं वहिनींनी सांगितलंय. जोखमीचं प्रकरण आधी, व्याजाचं नंतर, या अटीवर मी हो म्हटलंय.