आखाजीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दोन-तीन दिवस आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मान वर करायला फुरसत नसते. साऱ्या खानदेशातल्या लेकी माहेरी निघालेल्या असतात. धुळ्याहून सोनगीर, चिमठाणे करत बुराईकाठच्या एका गावी जाणारी आमची मुक्कामी गाडी त्या दिवशी पार फुटबोर्डापर्यंत भरली होती. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर ऑगस्ट २०२२ पासूनच शून्याचं, त्यामुळे प्रत्येकीला विचारून, कार्ड बघून मशीनचं बटण दाबायचं. गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. बाटलीतलं पाणी चहासारखं गरम झालेलं. घामाने शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उठले होते, आणि पुढे जे झालं त्यात या पट्ट्यांचाही हात होता.

रात्री गाडी मारुतीच्या पाराजवळ लावली. ड्रायव्हर आप्पा पारावर आडवे झाले, मी कॅशबॅग उशाला घेऊन मागच्या लांब सीटवर. मध्यरात्र उलटली असेल, पोटात अशी कळ आली की मी उठून बसलो. दार उघडून खाली उतरेपर्यंतही दम निघेना. मग सुरूच झालं, वरून आणि खालून. कशाने झालं ते आजही सांगता येणार नाही. सकाळचा डबा होता, स्टँडवरचं पाणी होतं, वाटेत घेतलेला उसाचा रस होता. थोड्या वेळाने पाय लटपटायला लागले आणि मी चाकाला टेकून खाली बसलो तो बसलोच.

आप्पांनी समोरच्या घराची कडी वाजवली. त्या घरची म्हातारी आमच्याच गाडीने शिंदखेड्याला दवाखान्यात जाते, मी तिला शून्याचं तिकीट फाडून देतो, एवढीच आमची ओळख. ती कंदिलासारखा दिसणारा चार्जिंगचा दिवा घेऊन बाहेर आली. मला धरून आत नेत असतानाच माझा तोल सुटला आणि आखाजीसाठी त्याच दिवशी सारवलेल्या तिच्या अंगणात मी ओकलो. नव्या घागरी भिंतीशी मांडून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीने चुलीतली राख आणली, त्यावर पसरली, खराट्याने एका बाजूला ओढली आणि म्हणाली, "पडू दे भो, बाहेर पडू दे. अंगण परत सारवता येस."

उलटी-जुलाबात माणूस दुखण्याने जितका खचतो त्याहून जास्त लाजेने खचतो. परक्या घराचं संडास, परक्या बायकांसमोर भरलेले कपडे. म्हातारीच्या सुनेने काही न बोलता संडासात बादली भरून ठेवली, साबण ठेवला, दाराला नवऱ्याची धुतलेली लुंगी अडकवली. माझी पँट तिने कधी भिजत घातली आणि कधी दोरीवर टाकली, ते मला कळलंही नाही. खाकी युनिफॉर्मची तिने केलेली ती कदर मी विसरणार नाही.

तोवर कुणीतरी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंना उठवून आणलं होतं. चाळिशीच्या, शांत बाई. आधी त्यांनी माझ्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली, आणि विचारलं, "लघवी कधी झाली होती?" मला आठवेना. दुपारनंतर झालीच नव्हती. त्यांनी लिटरची बाटली मागितली, उकळून गार केलेलं पाणी मोजून घेतलं आणि ओआरएसची अख्खी पुडी त्यात सोडली. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात, असला अंदाजपंचे कारभार त्यांनी सुनेला करू दिला नाही.

मला बाटली तोंडाला लावून घटाघटा प्यायची होती. त्यांनी हातात दिलीच नाही. स्टीलची वाटी आणि चमचा. एक चमचा, थांबायचं, पुन्हा एक. पुन्हा उलटी झाली तेव्हा मला वाटलं सगळं वाया गेलं. "दहा मिनिटं थांबू, मग अजून हळू देऊ," एवढंच त्या म्हणाल्या. गल्लीतल्या एका पोराने दुकान उघडायला लावून थंडाची बाटली आणली होती, दुसऱ्याने जुलाब बंद करायची गोळी. दोन्ही त्यांनी बाजूला ठेवलं. थंड्यातली इतकी साखर जुलाब वाढवते, आणि गोळीने घाण आतच अडकून बसेल, असं त्यांनी पोरांना नीट समजावून सांगितलं. साखर नेमकी असेल तर ती आतड्यातून मिठाला सोबत घेऊन जाते आणि मिठामागे पाणी जातं; हेही मी त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

पहाटेपर्यंत त्या तिघी पाळीपाळीने चमचा धरून बसल्या. आशाताईंनी जरा पाठ टेकली तेव्हा सून, सून गोठ्यात गेली तेव्हा म्हातारी. पिंढऱ्यांत गोळे येत होते, ते आप्पा चोळत होते. बरं झाल्यावर मी याविषयी वाचलं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी पिंपांत कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला बसवलं. शंभरातले तीसेक मरत होते, ते चारच्याही खाली आले. डॉक्टर २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ते पाणी तिथे आया-बहिणींनी पाजलं होतं, हे वाचताना मला ती वाटी आणि चमचाच दिसत होता.

आशाताईंना लिहायला कागद हवा होता. आप्पांनी तिकिटाच्या मशीनचा हातभर कोरा रोल फाडून दिला. त्यावर त्यांनी वेळ टाकून सगळं टिपलं: उलटी, जुलाब, किती वाट्या पोटात राहिल्या. लघवीच्या रकान्यात नुसती रेघ. उजाडेपर्यंत ती रेघच राहिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता दवाखाना." १०८ बोलवायची की दाराशी उभी असलेली शेजारच्या पोराची पिकअप काढायची, यावर फार खल झाला नाही. पोराने चावी आणली.

पण मी उठेना. जीव बॅगेत अडकलेला. कंडक्टरची कॅश कमी भरली तर ती त्याच्या पगारातून जाते, आणि त्या दिवशी गर्दीची कॅश होती. सरपंच आणि एक निवृत्त गुरुजी आले, आप्पांनी माझ्यासमोर ओट्यावर बॅग उलटी केली. गुरुजींनी नोटा लावल्या, चिल्लर मोजली, मशीनचा आकडा वाचला, जुळवला आणि कागदावर तिघांनी सह्या केल्या. आप्पांनी डेपोत कंट्रोलरला फोन केला. बदली कंडक्टर येईपर्यंत सकाळची गाडी दोन-अडीच तास उभी राहिली. सणाच्या दिवशी माहेरी निघालेल्या बाया पाराच्या सावलीत पिशव्या घेऊन बसल्या होत्या. पिकअप त्यांच्यासमोरून गेली तेव्हा एकीने खिडकीशी येऊन फक्त विचारलं, "कसं वाटी राहिनं आते, भाऊ?"

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी नाडी आणि बीपी बघितलं, मग तो तिकिटाचा रोल उलगडून वरपासून खालपर्यंत वाचला आणि सलाईन लावलं. दुपारी लघवी झाली. आशाताईंना कळवा, असं मी आप्पांना सांगितलं, तेव्हा नर्सबाईही हसल्या.

संध्याकाळी धुळ्याला घरी पोचलो. बहीण आलेली होती, पुरणपोळी आणि आमरसाची ताटं झालेली. मी मुगाची पातळ खिचडी खाल्ली. रात्री आशाताईंचा फोन आला. दुसऱ्यांदा लघवी झाली का, खिचडी पोटात राहिली का, सकाळी कालवलेलं पाणी चोवीस तासांच्या पुढे ठेवायचं नाही, ओतून द्यायचं. पुड्या संपल्या तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजायला चहाचाच चमचा. फोन बायकोला द्यायला लावून हे सगळं त्यांनी तिच्याकडून एकदा म्हणवून घेतलं. मग म्हातारीने फोन ओढून घेतला. लुंगीची घाई नको, पँट वाळली आहे, पुढच्या मुक्कामाला घेऊन जा, असा निरोप होता.