रॉड बदलल्यावरची जोड: टी-जॉइंटवरची नोंद

वेल्डिंगच्या सरावात या खेपेला सगळा वेळ एकाच गोष्टीवर घातला. रॉड संपला, नवीन लावला, तर पुन्हा सुरू केलेली जागा ओळखू येता कामा नये. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून ६ मिमीच्या पट्ट्यांचे भंगार तुकडे आणले आणि टी-जॉइंट (एका पट्टीवर दुसरी काटकोनात उभी) टॅक केले, म्हणजे बारीक टाके घालून धरले. रॉड ३.१५ मिमीचा, ६०१३ प्रकारचा, करंट ११० अँपिअरच्या आसपास.

रॉड बोटभर उरला की थांबतो. मधल्या थांब्याला क्रेटर, म्हणजे वेल्डच्या टोकाला राहणारा खळगा, भरत नाही, उथळच ठेवतो. तो नव्या रॉडनं भरायचा असतो. वेल्ड जिथं संपणार तिथं मात्र जरा मागं येऊन भरूनच आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ठिणगी) तोडायचा, नाहीतर निवताना मधोमध चांदणीसारखी चीर पडते.

मग स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमणारी कडक खपली. हंगामाआधी चिकोडी-निपाणीकडं उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंगला येतात, तेव्हा काही जुने मिस्त्री क्रेटर लालसर असतानाच स्लॅगवरून पेटवतात. ६०१३ ला, इतका बसलेला हात असला तर ते जमतं. मी झाडूनच घेतो: क्रेटर आणि मागचा इंचभर बीड (वेल्डची ओळ), वर तारेचा ब्रश. बीड पट्टीला भिडतो तिथली काळी रेघ चिवट असते, आणि आत अडकते तीच. हातोडीच्या टोकानं ती निघाल्याशिवाय काच खाली घेत नाही.

आर्क क्रेटरमध्ये पेटवायचा नाही. अर्धा इंच पुढं, सांध्याच्या रेषेतच पेटवायचा. पेटला की जरा लांब धरून मागं न्यायचा; त्या उजेडात क्रेटरची मागची कड दिसते. तिथं आर्क आखूड करून क्षणभर थांबायचं. वितळलेल्या धातूचा रस जुन्या बीडच्या कडेला टेकला, त्याच्याएवढा रुंद झाला, की लगेच पुढं. सगळी कला या क्षणात आहे. कडेच्या मागं गेलात तर वर गाठ येते, अलीकडूनच वळलात तर खाच राहते. पुढं पेटवल्यामुळं पेटवण्याचा डाग आणि तिथली बारीक छिद्रं पुन्हा वितळून जातात.

एका बाजूनंच वेल्ड केलेला टी हातोड्यानं वेल्डच्या बाजूला वाकवून मोडला. जोडीच्या जागी मुळापर्यंत धातू सलग, स्लॅगची रेघ नाही. मनापासून आनंद झाला! आयएसओ ९६०६-१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वेल्डर परीक्षेत नमुन्यावर मुद्दाम थांबून पुन्हा सुरू करायला लावतात, कारण वेल्ड कच्चा राहतो तो बहुतेक इथंच.

७०१८ या दुसऱ्या प्रकारच्या रॉडला थोडं वेगळं. अर्धवट जळालेल्या रॉडच्या टोकावर स्लॅगचा कडक थर बसतो. तो भंगार तुकड्यावर घासून काढायचा, पण बाजूचा फ्लक्स (रॉडवरचा लेप) झडू द्यायचा नाही. आणि मागं नेतानाही आर्क आखूडच, लांबला की छिद्रं आलीच. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर या रॉडचं पाकीट उघडं ठेवूच नये; ओलावा धरलेला ७०१८ कितीही नीट पेटवला तरी सुरुवातीला छिद्रं देतो.

आता उभा सांधा घेतलाय, खालून वर. तिथं पेटवायची जागा क्रेटरच्या वर येते आणि रस खाली ओघळू पाहतो, म्हणून करंट थोडा उतरवून बघतोय.